दादाचा आवाज ठेवायचा डबा

डिस्कमधून पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा मला वाटलं, भिंतीवरची पाल बोलली. चैत्र संपत आला होता, पंखा गरम वारा फेकत होता आणि वहिनी नेहमीप्रमाणे देवापुढं दिवा लावून माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन बसल्या होत्या. मी लॅपटॉपला डिस्क जोडली. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्, टक्. पडद्यावरचं चाक गोल फिरत राहिलं आणि दादाचा आवाज काही येईना. भिंतीवर पाल नव्हती. मी डिस्क उचलून कानाला लावली. टकटक तिच्यातूनच येत होती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो मेंढरं घेऊन हिंडायचा. दिवाळी झाली की त्याचा कळप तलवाड्याकडून निघायचा आणि गंगेच्या काठाकाठानं खाली जायचा. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. शेतकरी खतासाठी त्यांच्या वावरात मेंढरं बसवून घ्यायचे, एका गावात चार दिवस, दुसऱ्यात आठ, असं करत तो पावसाच्या तोंडावर घरी यायचा. मी गेवराईत एका कॉलेजच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करतो. आई, वहिनी, माझी बायको, सगळे इथंच गावाबाहेरच्या घरात राहतो. दादाला लिहिता येत नव्हतं आणि रानात फोन लावला तर तो मधेच तुटायचा, म्हणून तो दिवसभरात कधीतरी मोबाइलवर आवाज भरून मला पाठवायचा. रेंज मिळाली की ते निरोप एकदम येऊन पडायचे. संध्याकाळी मी फोन मधोमध ठेवायचो आणि सगळे गोळा होऊन ऐकायचे.

निरोपात फार काही नसायचं. आज तळ कुठं पडला, पाणी आहे का, कोणती मेंढी व्याली, कोणत्या गावची कुत्री वाईट आहेत. आईनं गोळी घेतली का, हे असायचंच. वहिनींचं नाव मात्र त्यात कधी आलं नाही. आमच्यात नवरा बायकोचं नाव चारचौघांत घेत नाही, आणि इथं तर सगळं घर कान देऊन बसलेलं. म्हणून दादा विचारायचा, 'कणगीतल्या ज्वारीत लिंबाचा पाला टाकला का इचार,' किंवा 'गुडघ्याला तेल लावतंय का कुनी.' गुडघा वहिनींचा दुखायचा. तो प्रश्न आला की वहिनी खाली बघायच्या आणि माझी बायको त्यांना कोपरानं ढोसायची. दुसऱ्या दिवशी मी उत्तर पाठवायचो की टाकला, लावलं.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात दादानं ताप अंगावर काढला. कळप सोडून येईना. बीडच्या दवाखान्यात नेईस्तोवर उशीर झाला होता. दहाव्याला घाटावर त्याचे कपडे, घोंगडी, वहाणा रीतीप्रमाणे देऊन टाकल्या. मेंढरं विकली. त्याचा फोन दवाखान्याच्या धावपळीत कुठं गेला ते कळलंच नाही. फोटो म्हणावे तर एक आधार कार्डावरचा आणि एक मुलीच्या लग्नातला, त्यातही तो अर्धा मांडवाच्या खांबाआड. मुलगी लग्न होऊन सिरसाळ्याला गेलेली. वहिनींकडं राहिला तो फक्त आवाज, आणि तो माझ्याकडं होता. माझा फोन सारखा भरायचा म्हणून मी दर महिन्याचे निरोप एका खिशात मावेल अशा डिस्कवर उतरवून ठेवत होतो. पुढं फोन बदलला, जुना मोडीत गेला. दादा गेल्यापासून वहिनी रोज दिवा लावून उंबऱ्याशी येत, आणि मी डिस्क जोडून एक निरोप लावत असे. एकच. दुसरा लावू का म्हटलं तर उद्या म्हणायच्या.

ती डिस्क आता टकटक करत होती.

त्या संध्याकाळी मी तिची वायर काढली आणि वहिनींना सांगितलं की आज मशीन बिघडलंय. त्या उठून गेल्या. मी मात्र नेटवर वाचत सुटलो, आणि वाचलं ते फार वाईट होतं. अशी टकटक करणारी डिस्क म्हणजे घटका मोजणारं माणूस, प्रत्येक वेळी चालू केली की तिचं आयुष्य कमी होतं, पुढच्या वेळी चालू होईलच असं नाही. एकानं लिहिलं होतं की तिला हात लावू नका, आधी तिच्यावरचं सगळं ठेवायला पक्की जागा तयार करा, मग एकदाच चालू करा आणि एका दमात सगळं काढून घ्या. हे मला पटलं. पुण्यातल्या एका दुकानदारानं फोनवर सांगितलं की कुरियरनं पाठवा, आम्ही काढून देऊ. कुरियरचा पोरगा आमच्या कॉलेजात पाकिटं कंपाउंडवरून कशी फेकतो ते मी रोज बघतो, त्यामुळं तो विषय तिथंच संपला. मी डिस्क मऊ फडक्यात गुंडाळली, कपाटात वरच्या फळीवर ठेवली आणि घरात सगळ्यांना बजावलं की ती कुणीही चालवायची नाही.

मी जात्याच भित्रा माणूस आहे. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारा. तेव्हा पक्की जागा म्हणजे कोणती, हे ठरवायला माझ्यासारख्याला बसवलं की काय होणार, हे सांगायला नको.

घरचा सर्व्हर घ्यायचा, एवढं मी पहिल्याच आठवड्यात ठरवलं. आईला समजावून सांगितलं की एक डबा असतो, त्यात दोन डिस्क असतात, एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवर आपोआप लिहिलं जातं. एक मेली तरी दुसरी जिवंत राहते. आईनं विचारलं, दोन्ही संगंच मेल्या तर? मी हसण्यावारी नेलं आणि मग जाऊन तेच शोधलं, तर एकाच दिवशी कारखान्यातून निघालेल्या दोन डिस्क बऱ्याचदा पाठोपाठच मरतात असं कळलं. झालं. त्या दिवसापासून मी ठरवलं की एक डिस्क बीडहून घ्यायची आणि दुसरी संभाजीनगरहून.

डब्याचेही दोन प्रकार होते. एक तयार डबा, लहान, कमी वीज खाणारा, डिस्क आत सरकवल्या की चालू. पण त्याचं काही जळलं तर गेवराईत तो उघडणारं कुणी नाही, आणि तो डिस्कवर स्वतःच्या पद्धतीनं लिहितो म्हणे, मग त्या डिस्क दुसरीकडं वाचता येतील का? दुसरा प्रकार म्हणजे साधा कॉम्प्युटर घेऊन त्याचाच सर्व्हर करायचा. त्याचे सुटे भाग बीडला कुठंही मिळतात. ऑफिसातला एक जुना कॉम्प्युटर लिलावात निघाला होता, तो मी साहेबांना विचारून उघडून पाहिला. वीज पुरवणाऱ्या पेटीत पालीचा सांगाडा होता, तारेला चिकटून वाळलेला. मी झाकण लावून टाकलं आणि त्या दिवशी जेवणाचा डबाही खाल्ला नाही. दादाचा आवाज कायमचा बंद पडायला एक वाट चुकलेली पाल पुरे, हे मनातून जाईना.

मग रॅम. साध्या रॅममध्ये कधीकाळी एखादा आकडा आपोआप पालटतो आणि कुणाला कळतही नाही, चूक स्वतः पकडणारी वेगळी रॅम असते, असं वाचलं. दुसऱ्यानं लिहिलं की घरगुती कामाला त्याची काही गरज नाही. तिसऱ्यानं त्या दुसऱ्याची अक्कल काढली. या लोकांना दुसरं काही काम नसतं का, असं म्हणत मी त्यांचं सगळं भांडण शेवटपर्यंत वाचलं. आवाजाच्या फाइलीत एक आकडा पालटला तर फार तर बारीक खर्रकन होईल, हे मला कळत होतं. तरी मला वाटायचं, वर्षानुवर्षं असा एकेक आकडा पालटत गेला आणि एक दिवस वहिनी म्हणाल्या की हा आवाज त्यांचा नाही, तर?

डिस्कच्या बाबतीत तर डोकं भणभणलं. काही डिस्कवर लिहिण्याच्या ओळी शेजारी शेजारी असतात, आणि काहींवर घराच्या कौलांसारख्या एकीवर एक थोड्या चढवलेल्या. कौलाच्या डिस्क स्वस्त, पण दोघींतली एक मेल्यावर नवी आणून तिच्यावर सगळं पुन्हा उतरवताना त्या दमतात, ऐन वेळी मान टाकतात. आणि खोक्यावर कोणती कशी ते धड छापलेलं नसतं. बीडच्या दुकानदाराला विचारलं तर तो माझ्याकडं असा बघायला लागला की मी त्याच्या घरची खाजगी गोष्ट विचारली. म्हणाला, सगळे हेच नेतात. मी न घेता परत आलो. असा दोनदा परत आलो.

माझी बायको म्हणाली, 'माझं स्थळ आलं तवा एवढी चौकशी केली न्हवती तुमी.' आई हसली. मीही हसलो, पण हसता हसता माझ्या डोक्यात विजेचा विचार चालू होता. शेजारच्या वावरात मोटर चालू झाली की आमच्या घरातला बल्ब कंदिलासारखा पिवळा होतो. अशा विजेवर दोन डिस्क रात्रंदिवस फिरवायच्या म्हणजे मोठा यूपीएस हवा. आणि ठेवायचा कुठं हा डबा? पत्र्याच्या खोलीत वैशाखात हात लावावा तिथं भाजतं. पुढच्या खोलीत वेचणी झाली की कापूस भरतो, त्याचे तंतू पंख्यात अडकणार, आणि ठिणगी उडाली तर घरच जाणार. आईनं देवघराखालचा कोनाडा देऊ केला, तर तिथं तेलाचा दिवा. माझ्या खोलीची भिंत पावसाळ्यात ओल धरते. घरात अशी जागा नव्हती जिथं मला भीती वाटली नाही.

या सगळ्यात महिने गेले. वहिनी अजूनही दिवा लावून उंबऱ्याशी येत होत्या. बसायच्या. हातात काहीतरी निवडायला घ्यायच्या. मी पडद्यावर डिस्कची चित्रं बघत असायचो. थोड्या वेळानं उठून जायच्या. त्यांनी घाई कर असं कधी म्हटलं नाही. फक्त एकदा, पोळ्याच्या सुमाराला, दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, 'भावजी, अजून कळंना का कोन्तं घ्याचं?' मी सांगितलं की कळतंय, होतच आलंय. मग त्या म्हणाल्या, 'मला आता त्यांचं बोलनं आठवतंय, पन आवाज न्हाई आठवत.'

ती भीती माझ्या यादीतच नव्हती. मी डिस्क मरायची भीती धरून बसलो होतो आणि इकडं बाईच्या कानातून आवाज पुसत चालला होता. दुसऱ्याच दिवशी मी रजा टाकून बीड गाठलं, तिथून संभाजीनगर. तयार डबाच घेतला, दोन डिस्कचा. कारण माझ्या हातानं जोडलेल्या कशावरही माझाच विश्वास बसला नसता. कौलाच्या नसलेल्या दोन डिस्क दोन गावांतून आणल्या. दोन्ही मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो आणि शहागडच्या पुलापर्यंत प्रत्येक खड्ड्याला पाय उचलत होतो. यूपीएस दुकानात होता त्यातला सगळ्यात मोठा. डबा माझ्या खोलीतच, भिंतीपासून लांब, स्टुलावर ठेवला.

तरी मी लगेच जुनी डिस्क जोडली नाही. नव्या डिस्क पहिल्या काही दिवसांतच जातात, जायच्या असल्या तर, असंही वाचलं होतं. म्हणून आधी त्यांच्यावर फालतू फाइली भरायच्या, पुसायच्या, पुन्हा भरायच्या, अशी परीक्षा लावली. घटस्थापना झाली. डबा घुमत होता, हिरवे दिवे लागत होते. दसरा झाला की जुनी डिस्क लावतो, असं मी घरात सांगून टाकलं. वहिनींच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच महिन्यांनी थोडं हसू पाहिलं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं सगळी हत्यारं धुऊन पुसून देवापुढं मांडतात, हळदीकुंकू लावतात, झेंडू वाहतात. कुऱ्हाड, कोयता, विळे, खुरपी. मेंढरं होती तेव्हा लोकर कातरायच्या कातरी सगळ्यांत पुढं असायच्या. त्या दिवशी हत्याराला काम द्यायचं नाही. मी सकाळी ऑफिसच्या पूजेला गेलो, कॉम्प्युटरांना कुंकू लावलं, नारळ फोडला, पेढा खाल्ला आणि दुपारी घरी आलो.

देवघरापुढं पाट मांडला होता. त्यावर कुऱ्हाड, दोन विळे, घरात राहिलेली एक कातर. आणि कातरीच्या शेजारी ती डिस्क. तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, वर झेंडूचं फूल. पाटाखाली पाण्याचे ओघळ होते.

मी विचारलं की ही इथं कुणी आणली. वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. सकाळीच त्यांनी ती कपाटातून काढली होती. कुऱ्हाड, विळे, कातर घमेल्यात टाकून राखेनं घासली, तशीच तीही पाण्यातून काढून घासली होती, पदरानं पुसून उन्हात ठेवली होती. माझा चेहरा बघून त्यांचा चेहरा उतरला.

'तुमी चालवू नका म्हनलं व्हतं,' त्या म्हणाल्या. 'चालवली न्हाई मी. त्यांचं म्हनून एवढंच राह्यलंय, त्ये पूजंतून कसं वगळावं?'

मी फूल बाजूला केलं आणि डिस्क उचलली. तिच्या सांध्यातून पाण्याचा एक थेंब माझ्या मनगटावर पडला.

खोलीत जाऊन मी सुरीच्या टोकानं तिचं प्लॅस्टिकचं कवच उघडलं. आत पत्र्याची खरी डिस्क असते. तिच्या अंगावर टाचणीएवढं एक भोक असतं, आतल्या हवेसाठी, आणि शेजारी इंग्रजीत लिहिलेलं असतं की हे झाकू नका. कवचाच्या फटीतून पाण्याबरोबर कुंकू आत गेलं होतं, आणि त्या भोकाच्या कडेला त्याची ओली लाल रेघ होती. आत काही गेलं की नाही हे कळायला मार्ग नव्हता. पुढच्या खोलीत पहिल्या वेचणीचा कापूस आला होता, त्याचं बोंड आणून मी ते लाल टिपून घेतलं.

आता वाळू द्यायची. पण किती? लोक ओले फोन तांदळात ठेवतात, पण धान्याची धूळ भोकातून गेली तर? उन्हात ठेवावी तर ताप. मी ती पंख्याखाली, कागदावर, भोक खाली करून ठेवली. दसरा झाला, सोनं वाटून झालं, लोक येऊन गेले. मी कुणाशी धड बोललो नाही. वहिनी खोलीकडं फिरकल्या नाहीत. दिवा लावायच्या आणि तिकडूनच परत फिरायच्या. जेवायच्याही अर्धंच. आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं की तिला काही बोलू नकोस, ती आधीच मेल्याहून मेल्यासारखी झालीय. मी बोललो नव्हतोच. माझं न बोलणंच त्यांना लागत असणार, हे मला कळत होतं, पण तोंड उघडलं असतं तर बाहेर काय पडलं असतं याची मलाच खात्री नव्हती.

कोजागरी उलटून गेल्यावर एका रविवारी सकाळी मी डिस्क जोडायला घेतली. वायर तिच्या तोंडाशी नेली आणि पुन्हा मागं घेतली. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे. जोवर लावत नाही तोवर ती जिवंत आहे असं म्हणता येत होतं. शेवटी आई दारात येऊन उभी राहिली. मग लावली.

टक्. टक्. मग एक लांब घरघर, आणि पडद्यावर तिचं नाव आलं.

महिन्यावार फोल्डर होते. मी पहिल्यापासून क्रमानं उतरवायला सुरुवात केली. फाइली सरकायला लागल्या, कधी भरभर, कधी एकीवरच अडकून. अडकली की टकटक यायची. दुपारी वीज गेली. यूपीएस पीं पीं ओरडायला लागला, पण डबा फिरत राहिला, लॅपटॉप चालत राहिला. मी त्या यूपीएसला हात जोडले. वीज आली. पुन्हा गेली. जेवणाचं ताट बायकोनं शेजारी आणून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

दिवेलागणीच्या सुमाराला शेवटचा फोल्डर राहिला होता, दादाच्या शेवटच्या महिन्याचा. त्यातली एकही फाइल सरकेना. टक्, टक्, टक्. मग किरकिर असा आवाज, मी कधी ऐकला नव्हता असा, आणि पडद्यावरून डिस्कचं नाव गेलं. वायर काढून पुन्हा लावली. नाही. दुसरी वायर लावली, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली. डिस्क फिरतच नव्हती. हातात धरली तर गार पडत चालली होती.

पाण्यानं गेली की वयानं गेली, हे कोण सांगणार? टकटक तर चैत्रापासून होती. नसती धुतली तर तो एक फोल्डर निघाला असता का? मी तिथं बसून याच प्रश्नाभोवती फिरत होतो तेव्हा वहिनी उंबऱ्याशी आल्या. बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच विचारलं, 'मी धुतली म्हनून काई झालं का?'

मी म्हणालो, 'काई झालं न्हाई वैनी. समदं आलं.'

त्या तिथंच खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. आईही रडली. मी डब्यातून पहिला निरोप लावला. दादा म्हणाला की तळ गंगेच्या काठाला आहे, वारं लई सुटलंय, आणि घरात लाकडं भरून ठेवली का इचार. वहिनींनी तोंडावरचा पदर काढला आणि डब्याकडं बघत हळूच सांगितलं, ठिवलीत.

त्यानंतर रोजचा क्रम पुन्हा चालू झाला. दिवा लावून वहिनी येत आणि मी एक निरोप लावत असे. त्यांनीच सांगितलं की पहिल्यापासून ओळीनं लावा. आणि माझी भीती नव्यानं सुरू झाली, कारण ओळ कुठं जाऊन तुटते ते मलाच ठाऊक होतं. वहिनी एकेक दिवस तिकडं सरकत होत्या. त्यांना सगळे निरोप पाठ होते. कोणता कशानंतर येतो हे त्या मला सांगायच्या. मधलाच एखादा पुन्हा लावून फसवणं शक्य नव्हतं. मशीन बिघडलं म्हणावं तर हिरवे दिवे त्यांना दिसत होते. खरं सांगावं तर एकच अर्थ निघणार होता, की नवऱ्याचे शेवटचे शब्द त्यांनीच स्वतःच्या हातानं घमेल्यात बुडवले. तो अर्थ त्यांनी एकदा धरला असता तर माझ्या हजार तांत्रिक कारणांनी सुटला नसता. मी डिस्कची तब्येत रोज सकाळी तपासत होतो, दुसरी प्रत काढून ऑफिसच्या कपाटात नेऊन ठेवली होती. जे होतं त्याला आता काही होणार नव्हतं. जे नव्हतं त्याचं काय करायचं हे कुठल्याच दुकानात मिळत नव्हतं.

संक्रांत गेली, महाशिवरात्र गेली. रोज ऑफिसातून येताना मी मनात वाक्यं जुळवत असे आणि घराच्या फाटकाशी ती सगळी विसरत असे. अखेर तो दिवस आला. आदल्या संध्याकाळी फोल्डरातला शेवटचा निरोप लावून झाला होता. त्यापुढं रिकामं होतं. वहिनी आल्या, उंबऱ्याशी बसल्या. मी सांगायचं ठरवलं होतं. वैनी, एवढं म्हणालो.

त्या म्हणाल्या, 'भावजी, आता फुडचं नगं. पुन्हा पैल्यापसून लावा.'

मी का म्हणून विचारलं.

'फुडं खोकला हाय त्यांला,' त्या म्हणाल्या. 'आयकलंय मी समदं. त्यात त्ये काई इचारत न्हाईत. नुसते खोकत्यात, आन् बरा हाय म्हंत्यात. त्ये नगं आता मला.' मग थोडं थांबून त्यांनी डब्याकडं पाहिलं. 'पन हायत ना त्ये? जपून?'

'हायत,' मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि चौकटीला पाठ टेकली. मी पहिल्या महिन्याचा फोल्डर उघडला. आता त्या पुन्हा ओळीनं पुढं सरकतायत, रोज एक. त्या जागेशी परत येतील तेव्हा याच शब्दांत नको म्हणतील की या खेपेला ऐकू दे म्हणतील, मला माहीत नाही, आणि मी घरात अजून कुणालाही सांगितलेलं नाही.